प्रिन्स पातळीचे सम्राट

आमचे सम्राट 'एम्परर' पातळीवर आजवर एकदाही खेळलेले नाहीत. ते खेळतात 'प्रिन्स'वर.

'सिव्हिलायझेशन' या खेळाच्या सहाव्या भागात संगणकाशी लढायला बसण्याआधी पातळी निवडावी लागते. सेटलर, चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग, एम्परर, इमॉर्टल आणि डीइटी. म्हणजे वसाहतवाल्यापासून थेट देवापर्यंत आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांवर माणसाला झुकतं माप मिळतं, वरच्या चारांवर संगणकाला. मधे एकट्या प्रिन्सवर कुणालाच काही मिळत नाही. सांगलीच्या एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणी खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला दुसरी कुठली पायरी मानवणार? "इथं अनुदान नाही, सवलत नाही, कर्जमाफी नाही," सम्राट सांगतात. "काय असेल ते ज्याच्या त्याच्या हिमतीवर."

ही हिंमत म्हणजे नक्की काय, ते पुढे येईलच.

'सम्राट' हे नाव पडलं बँकेत. एका सकाळी गृहस्थ तांबारलेल्या डोळ्यांनी कामावर आले. शाखाधिकाऱ्यांनी काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" तर म्हणाले, "रात्री अडीचला रोम पडलं." रोमा नावाची कुणी नातेवाईक जिन्यावरून पडली असावी, अशा समजुतीने शाखाधिकाऱ्यांनी त्यांना अर्धा दिवस रजा दिली. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला. रजा मागे घेण्यात आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वहिनीसुद्धा फोनवर "सम्राट आंघोळीला गेलेत" असंच सांगतात.

अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, चष्म्याला दोरी. भाजीवाल्याकडून सुटे दोन रुपये येईपर्यंत तिथून हलायचं नाही. या वर्णनात साम्राज्य बसत नाही, हे मान्य. ते आहे गावभागातल्या घराच्या मधल्या खोलीत, देव्हारा आणि कपाट यांच्यामधल्या टेबलावर. टेबलावर संगणक, शेजारी भडंगाचा डबा, आणि खतावणीची एक लांबलचक वही. प्रत्येक शत्रूला या वहीत स्वतंत्र पान आहे. मी ती चाळली आहे. "जर्मनी : सरहद्दीवर सैन्य आढळले. विचारणा केली असता 'सहज जात होतो' असे उत्तर. समाधानकारक नाही." पुढच्या पानावर : "नॉर्वे : आरमार नसल्याबद्दल पुन्हा टोमणा. आमचे राज्य समुद्रापासून चौदा घरे आत आहे, हे निदर्शनास आणूनही फरक नाही."

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सिड मायर या अमेरिकेतल्या खेळकर्त्याने १९९१ साली याचा पहिला भाग आणला. इसवीसनपूर्व ४००० मध्ये तुमच्या हाती एक वसाहतवाला आणि एक सोटेवाला शिपाई असतो. गाव वसवायचं, शेतं काढायची, कुंभारकाम शिकायचं, लिहायला शिकायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, आणि असं करत करत अंतराळयानापर्यंत पोचायचं. सगळं पाळीपाळीने. तुमची चाल, मग बाकीच्या राजांच्या चाली, की पुन्हा तुमची. घड्याळ नाही, पळापळ नाही. त्यामुळेच 'एवढी एकच चाल, मग झोपू' म्हणत जगभरच्या माणसांनी पहाट केली आहे. बाकीचे राजे म्हणजे अर्थातच संगणक : क्लिओपात्रा, त्राजन, माँटेझुमा, नॉर्वेचा हॅराल्ड, आणि पहिल्या भागापासून आपले गांधीजीसुद्धा.

सांगलीत जन्मून बुद्धिबळ टाळणं तसं अवघड. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला त्या खेळाचं वेडच लावलं होतं. सम्राटही शाळेत असल्यापासून खेळत. पण बुद्धिबळात समोर माणूस बसतो, ही त्यांची मुख्य अडचण. तो माणूस नाक खाजवतो, घड्याळावर हात आपटतो आणि जिंकला की हस्तांदोलनाला हात पुढे करतो. एका स्पर्धेत नऊ वर्षांच्या मुलीने त्यांना बावीस चालींत मात दिली आणि वर "काका, छान खेळलात" म्हणाली. त्या 'काका'नंतर पट माळ्यावर गेला. पुढे १९९७च्या मे महिन्यात 'डीप ब्लू'ने कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं तेव्हा सगळं बुद्धिबळजग हळहळत होतं. सम्राट एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता त्यालाही कळलं असेल."

साहजिकच संगणकासमोर पहिल्यांदा बसले ते जरा दबकतच. आणि बघतात तर काय! ज्या जातीच्या यंत्राने जगज्जेत्याला लोळवलं, त्याच्याच भाऊबंदाला इथे भालाईत पुढे आणि दगड फेकणारी यंत्रं मागे ठेवावीत एवढंही कळत नव्हतं. सम्राटांचा त्याच्यावर जीव जडला.

जीव जडला, याचं लक्षण म्हणजे ते त्याला अखंड शिव्या घालतात. "अक्कल नाही हो ह्याला." हे वाक्य संध्याकाळी साताच्या सुमारास त्यांच्या खिडकीखालून जाणाऱ्या कुणालाही ऐकू येतं. तक्रारी खऱ्या आहेत, मी शेजारी बसून पाहिल्या आहेत. संगणकाचं सैन्य तटापर्यंत येतं, जरा थांबतं, आणि वरात चुकून भलत्याच दारात आल्यासारखं काही न बोलता परत जातं. वसाहतवाले भर समुद्रात सोबतीला कुणी नसताना सोडले जातात. तट फोडायचं साहित्य न आणताच तटावर धडका. सम्राट कपाळाला हात लावतात. "अरे, निदान माझ्यासाठी तरी नीट लढ!"

आता यात त्या यंत्राचीही बाजू आहे आणि ती कुणीतरी मांडायला हवी. बुद्धिबळाचा पट ६४ घरांचा. पांढऱ्याला पहिल्या खेळीला २० पर्याय, आणि हलवायचं एका वेळी एकच मोहरं. 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या भागातला सर्वांत मोठा नकाशा आहे १०६ बाय ६६, म्हणजे सात हजारांच्या आसपास षटकोन. प्रत्येक राजाला एकाच चालीत आपली सगळी पथकं हलवायची, गावोगावी काय बांधायचं ते ठरवायचं, संशोधन, धर्म, व्यापार, शिवाय शेजाऱ्यांशी रुसवेफुगवे. असे डझनभर राजे. आणि हा सगळा विचार एका घरगुती संगणकाने माणसाचा चहा गार होण्याच्या आत उरकायचा. वर २०१० साली पाचव्या भागात नियम आला की एका घरात लढणारं पथक एकच. तोवर शंभर पथकं एकाच घरात कोंबून संगणक सरळ चालून यायचा. ते त्याला जमत होतं. आता पुढे कोण, मागे कोण, खिंडीतून आधी कोण, हे ठरवायची वेळ आली आणि त्याची कोंडी झाली. गणपती विसर्जनाच्या दिवशी सांगलीच्या रस्त्यांचं नियोजन ज्यांनी केलंय, ते या यंत्राला हसणार नाहीत.

मग वरच्या पातळ्यांवर संगणक जास्त हुशार होतो का? नाही. तिथे त्याची अक्कल तेवढीच राहते, पगार वाढतो. सहाव्या भागात डीइटीवर माणूस एका वसाहतवाल्यानिशी सुरुवात करतो, तेव्हा संगणकाकडे तीन असतात. वर उत्पादनात आणि सोन्यात घसघशीत वाढ, संशोधनातही वाढ, लढाईतही हात पुढे. सम्राटांनी एकदा ही सगळी यादी मिळवून लाल शाईने वहीत उतरवली आणि खाली शेरा मारला : "विनातारण. गंभीर अनियमितता."

चौथ्या भागाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. त्याने पुढे खेळकर्त्यांसमोर एक व्याख्यान दिलं. विषय असा की अशा खेळातला संगणक हा हरण्यासाठी खेळत असतो. त्याचं काम जिंकणं नाही. समोरच्याचा वेळ मजेत जावा, थोडी भीती वाटावी, आणि शेवटी त्याने जिंकावं. संगणकाला जिंकण्याचीच ओढ लावली तर तो काय करेल? सगळे राजे मिळून पुढे असलेल्या माणसावर तुटून पडतील, मैत्रीचे करार शेवटच्या चालीला मोडतील, आणि माणूस खेळ बंद करून निघून जाईल. हे मी सम्राटांना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. भडंगाचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तो मुद्दाम हरतो?"

"तसंच काहीसं."

"आणि तेसुद्धा धड जमत नाही त्याला!"

सम्राटांचं राज्य कसं आहे? या खेळात गावांची नावं बदलता येतात. सम्राट चीनचे असोत की ब्राझीलचे, राजधानी सांगली. दुसरं गाव मिरज, तिसरं कुपवाड, म्हणजे महापालिका पुरी झाली. मग तासगाव, विटा, इस्लामपूर, जत. जतजवळ मुद्दाम नदी बघून वसवतात, आपल्याला जमेल तेवढं आपण करायचं म्हणून. त्यामुळे त्यांच्या घरात "कुपवाडने बर्लिन घेतलं", "विट्यात ऑक्सफर्ड विद्यापीठ झालं", "तासगावला अणुभट्टी नको, द्राक्षं आहेत" अशी वाक्यं सहज ऐकू येतात. सरहद्दीवरच्या, तटबंदी नसलेल्या, कायम शत्रूच्या तोंडी असणाऱ्या गावाला ते कोल्हापूर नाव देतात. मागच्या पावसाळ्यात माँटेझुमाने कोल्हापूर घेतलं. सम्राट फार दुःखी दिसले नाहीत.

शत्रूंवर मात्र त्यांचा लोभ. सहाव्या भागात प्रत्येक राजाला एक खोड दिलेली आहे. हॅराल्डला ज्याचं आरमार मोठं तोच आवडतो. चीनचा पहिला सम्राट शी ह्वांग दुसऱ्या कुणी जगातलं आश्चर्य बांधलं की चिडतो. आपला चंद्रगुप्त दूरच्यांशी गोड आणि लगतच्यांशी वाकडा. अर्थशास्त्र वाचून खेळ बनवलाय हे दिसतं. ब्राझीलच्या पेद्रोला थोर माणसं दुसऱ्याच्या पदरी गेलेली खपत नाहीत. ("आमच्या बँकेचे माजी अध्यक्ष," सम्राट म्हणतात.) या खोडी म्हणजे दहा-बारा ओळींचे हिशेब असतील आतमध्ये, पण सम्राटांना त्यात माणसं दिसतात. गिल्गमेशशी त्यांची खरी मैत्री आहे. तो लवकर मित्र होतो आणि टिकतो. वहिनी एकदा म्हणाल्या, "ह्यांनी दिवाळीला माझ्या भावाला फोन केला नाही, पण त्या गिल्गमेशला गहू पाठवला."

गांधीजींशी ते लढत नाहीत. खेळातले गांधीजी अणुबाँब टाकतात, ही दंतकथा खेळाइतकीच प्रसिद्ध आहे. पहिल्या भागात त्यांचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले आणि आकडा उलटून २५५ झाला, अशी ती गोष्ट. सिड मायरने २०२०च्या आत्मचरित्रात असं काही घडलंच नव्हतं म्हणून सांगितलं. पण पाचव्या भागात गंमत म्हणून त्यांची अण्वस्त्रांची ओढ दहापैकी बारा ठेवली होती, हे खरं. सम्राटांना दोन्ही गोष्टी नामंजूर. शेजारी गांधीजी आले की ते नवा नकाशा घेतात.

नवा नकाशा घेणं ही गोष्ट ते सढळ हाताने करतात. नदी चुकीच्या बाजूला आहे, नवा नकाशा. डोंगर नाही, नवा नकाशा. शेजारी माँटेझुमा, नवा नकाशा. खरं राज्य सुरू होईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात.

आता त्या हिमतीबद्दल. संगणक लबाडी करतो, हा सम्राटांचा जुना आरोप. फासे त्याच्या बाजूने पडतात म्हणे. तिसऱ्या भागात भालाईताने त्यांचा रणगाडा फोडला होता. ती जखम अजून ओली आहे. (ही जखम जगभर आहे. पहिल्या भागापासून खेळणाऱ्या कुणालाही विचारा.) या बाबतीत सिड मायरने २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळकर्त्यांच्या परिषदेत फार मार्मिक सांगितलं. पडद्यावर तीनास एक असं बलाबल दाखवलं की गणिताने चारातली एक लढाई जाणारच. पण लोकांना ती गेलेली चालेना. माझं बळ तिप्पट, मग मी हरलो कसा? आणि तेच शत्रू तिप्पट असताना आपण जिंकलो, तर त्याची तक्रार एकानेही केली नाही. तो आपला डावपेच. शेवटी मायरच्या मंडळींनी गणितालाच थोडी मुरड घातली. सम्राटांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "लोक फार आप्पलपोटे असतात."

असं म्हणून त्यांनी मागचा जतन केलेला डाव उघडला. कारण तासगावची लढाई हरली होती.

हरलेली लढाई सम्राट मान्य करत नाहीत. हरली की मागे जायचं, पुन्हा लढायची. खेळकर्ते त्यांच्याही वरताण निघाले. चौथ्या भागात डाव जतन करताना फासेही जतन होतात. तीच लढाई तशीच लढली तर निकाल तोच. सम्राटांनी त्यावर उपाय शोधला. आधी दुसरीकडे एक किरकोळ चकमक करायची, म्हणजे फाशांचा क्रम एकने पुढे सरकतो, मग तासगावला हात घालायचा. याला ते 'मुहूर्त बदलणे' म्हणतात. एका लढाईला अकरा मुहूर्त पाहिलेले मी बघितलेत. आणि हाच माणूस व्हाउचरवर तारीख खोडून लिहिलेली दिसली की कारकुनाला स्पष्टीकरण मागायचा.

मधे काही काळ सम्राटांनी घर बदललं होतं. २००९ साली 'एम्पायर : टोटल वॉर' आला आणि त्यात चक्क मराठे होते. पेशवाईतल्या पराक्रमाचं सगळं साहित्य तयार. पण सम्राटांना मराठा होऊन खेळवेना, जबाबदारी फार वाटायची. ते डच झाले. त्या खेळात सिलोन डचांकडे असतं, आणि संगणकाने चालवलेले मराठे तिथे भलतेच जोरात असतात. मोगलांना संपवून ते गप्प बसत नाहीत. एके रात्री मराठ्यांनी सम्राटांचं सिलोन घेतलं. सम्राटांनी दुसऱ्या दिवशी बँकेत पेढे वाटले. हा एकच पराभव त्यांनी मागे जाऊन दुरुस्त केला नाही.

तोच खेळ बाजारात आला तेव्हा त्यात एक मोठा दोष होता. संगणकाला सैन्य जहाजात चढवून समुद्रापार उतरवता येत नसे. सम्राट सांगतात, "काय शांतता होती म्हणून सांगू. इंग्रज आपले बेटावर बसलेले. येताच येईना त्यांना." पुढे कंपनीने दुरुस्ती पाठवली (सिलोनही त्यानंतरच गेलं). "आता मला सांगा, हे दुरुस्त करायची काय गरज होती?"

वालचंद कॉलेजात शिकणारा त्यांचा भाचा सुट्टीत दोन दिवस राहायला आला, तेव्हा त्याने आपला लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "मामा, संगणकाला अक्कल नाही म्हणता ना? मग माझ्याशी खेळा."

सम्राटांनी रीतसर तयारी केली. वहीत भाच्याच्या नावाचं पान उघडलं. सांगली वसवली, मिरज वसवली, पिरॅमिड काढायला घेतले. भाच्याने दुसरं गाव वसवलं नाही, शेत काढलं नाही. लवकरात लवकर तिरंदाज काढले आणि सरळ आला. सम्राटांना वाटलं, सहज जात असेल. बाराव्या शतकाची वाट बघणारं राज्य इसवीसनपूर्व २०००च्या आत संपलं. वहिनींचा कुकर तोवर तिसऱ्या शिट्टीवर होता.

"अरे पण… माझे पिरॅमिड व्हायचे होते," सम्राट म्हणाले.

"म्हणून तर आलो. तुम्ही सैन्य काढलं नव्हतं."

"पण असं कोण खेळतं?"

"सगळेच, मामा. ऑनलाइन सगळे असेच खेळतात."

सम्राट बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांचा खरा सल बाहेर आला. "एकदाही काही बोलला नाहीस तू. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तो हॅराल्ड किती मूर्ख, पण येण्याआधी चार टोमणे तरी मारतो. आमच्या तटावर चालून येणार म्हणून कळवतो. तू नुसता आलास." भाच्याला यात काय उत्तर द्यावं ते समजेना. त्याने जेवताना दोनदा "सॉरी मामा" म्हटलं. सम्राटांनी वहीत त्याच्या पानावर लिहिलं : "संभाषण नाही. खोड नाही. काही बांधत नाही. व्यवहार बंद."

भाचा मनाचा चांगला. त्याने भरपाई म्हणून मामांच्या संगणकावर जुन्या पाचव्या भागासाठी 'वॉक्स पॉप्युलाय' नावाचं बदलांचं गाठोडं घालून दिलं. हौशी खेळाडूंनी वर्षानुवर्षं खपून ते केलंय आणि त्यात संगणकाची लढाईतली समज पुष्कळ सुधारलेली आहे. इतकी वर्षं ज्याची मागणी होती, ती पुरी झाली. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो होतो. शत्रू आला तो दोन बाजूंनी. जखमी पथकं मागे घेत होता, ताजी पुढे आणत होता, यंत्रं टेकडीमागे. सम्राट खुर्चीत सरळ झाले. "बघा, बघा! ह्याला म्हणतात खेळणं!" नवाच्या सुमाराला मिरज पडली. साडेनऊला कुपवाड. त्यांनी सात मुहूर्त बदलले. दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन गेला, "ते काढून टाक. चांगलं आहे, पण अक्षरं जरा बारीक दिसतात."

सातवा भाग २०२५च्या फेब्रुवारीत आला. आला तेव्हा त्यात तीन युगं होती आणि युग बदललं की आपली संस्कृतीच बदलावी लागे. सम्राटांनी माहिती वाचली आणि म्हणाले, "एका जन्मात तीन पासबुकं? नको."

पुराची गोष्ट सांगलीत प्रत्येकाची असते, सम्राटांची जरा वेगळी. २०१९च्या फेब्रुवारीत सहाव्या भागाला 'गॅदरिंग स्टॉर्म' नावाची भर आली. त्यात नद्यांना पूर यायला लागले, ज्वालामुखी फुटायला लागले, समुद्र चढायला लागला. पुराने शेतं आणि इमारती मोडतात, पण गाळाने जमीन सुपीकही होते. धरण बांधलं तर नुकसान टळतं. सम्राट जुलैपर्यंत या शास्त्रात पारंगत झाले होते. ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागात माणसं गच्चीवर. पाणी ओट्याला लागलं तेव्हा वहिनींनी गॅसची टाकी उचलली आणि सम्राटांनी संगणक. "ह्यात सांगली आहे," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मग बाहेर काय आहे?" गच्चीवर शेजाऱ्यांच्या ताडपत्रीखाली बसून ते कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गावर बोलत होते, पुढच्या पावसाळ्याआधी काय काय बांधता येईल त्याचा चालीवार हिशेब देत होते. बोटीतून आलेल्या जवानाने विचारलं, "काका, पाटबंधारे खात्यात होता का?" सम्राटांनी नाही म्हटलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी बँकेतल्या आम्हा मंडळींनी वर्गणी काढून त्यांना नवा संगणक दिला. भाच्यानेच निवडून दिला होता. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, सगळं अव्वल. आठवड्याने मी विचारपूस करायला गेलो तर सम्राट उदास. मला वाटलं, निवृत्ती अंगावर आली असेल.

"मशीन खराब निघालं का?"

"मशीन उत्तम आहे. तीच तर पंचाईत." त्यांनी चाल केली, बटण दाबलं. जुन्या यंत्रावर बाकीच्या राजांच्या चाली व्हायला दीड-दोन मिनिटं लागत. नव्यावर मी डोळा मिटून उघडेपर्यंत पुन्हा सम्राटांची पाळी. "बघितलंत? विचारच करत नाही हो तो. मी इथे पाव तास डोकं घालून विट्याला तोफा आणवल्या, आणि ह्याचं एका सेकंदात उत्तर. आधी कसा घुटमळायचा. ते चाक गरगर फिरत राहायचं, मी चहा टाकून यायचो, वाटायचं, पडला पेचात! आता भडंग तोंडात जाईपर्यंत माझी पाळी."

ते गणपती पेठेतल्या दुकानदाराकडे गेले होते. तो बिचारा वीस वर्षं संगणक विकतोय. आजवर प्रत्येक गिऱ्हाईकाने त्याला एकच प्रश्न विचारलाय. सम्राटांनी विचारलं, "हा जरा हळू करता येईल का?" दुकानदाराने मशीन परत घ्यायची तयारी दाखवली, वर पाण्याचा ग्लासही दिला.

शेवटी तोडगा सम्राटांनीच काढला. सर्वांत मोठा नकाशा घ्यायचा, त्यावर बारा राजे आणि मावतील तेवढी नगरराज्यं बसवायची, आणि खेळ आधुनिक काळात न्यायचा. तिथे सगळ्यांकडे इतकी पथकं साठलेली असतात की नवा संगणकसुद्धा कुंथायला लागतो. मी परवा गेलो तेव्हा चाक छान गरगरत होतं. सम्राट पाय लांब करून बसले होते आणि हॅराल्डकडे बघून मान हलवत होते.

"करू दे विचार," ते म्हणाले. "घाई नाही. अगं, दोन कप टाक."